अकरा रिकामे चौकोन

माणिकबाई त्रिभुवनांकडे एक रबरी शिक्का होता. लाकडी मुठीचा, बोटाच्या पेराएवढा, अमीनाबादेतल्या शिक्केवाल्याकडून मुद्दाम बनवून घेतलेला. कागदावर दाबला की जांभळ्या शाईत छोटा क्रूस उठायचा. पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून त्या तो ठेवायच्या आणि दर रविवारी मिस्सेची उपासना संपली की गिरजाघरामागच्या पत्र्याच्या खोलीत बाहेर काढायच्या. बाई काही नन नव्हत्या, पगारी शिक्षिकाही नव्हत्या. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतल्या एका ड्राफ्ट्समनची बायको, मूळच्या राहुरीकडच्या, वय पंचावन्न, गुडघे दुखायचे. पण मोठ्या मुलांची बाप्तिस्म्याची तयारी करून घ्यायची तर ती त्यांनीच, हे लखनौच्या त्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळीत, ठरूनच गेलं होतं.

तान्ह्या बाळाचं सोपं असतं हो. आईबापांनी उचलून आणायचं, फादरांनी डोक्यावर पाणी घालायचं, बाळाने भोकाड पसरायचं, झालं काम. पण सात वर्षं उलटलेल्या मुलाला स्वतःच्या तोंडाने ‘हो’ म्हणावं लागतं. त्याआधी त्याने वर्षभर शिकायचं, ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी त्याचं नाव यादीत घालायचं, आणि मग ईस्टरला बाप्तिस्मा, दृढीकरण, पहिली कम्युनियन, तिन्ही संस्कार एकदम. माणिकबाईंचे वडील मिशनचे मास्तर होते, सायकलवरून गावोगाव हिंडून शिकवायचे. त्यांचं एक म्हणणं होतं, की एकट्या मुलाला शिकवून उपयोग नाही, सोबत घर यायला हवं. बाईंनी ते म्हणणं उचललं आणि त्याचा नियम केला. पुढे त्या नियमाचं काय केलं, तेच तर सांगायचं आहे.

त्यांनी कार्डं छापून घेतली. एका कार्डावर चाळीस रविवारांचे चाळीस चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाचे दोन भाग. वर मुलाचा शिक्का, खाली घरच्यांचा. घरचं कुणीतरी मुलाशेजारी बाकावर बसलं तरच खालचा शिक्का. राजाराम, त्यांचा नवरा, मोठा गमत्या माणूस. म्हणायचा, ‘‘माणिक, देवानेसुद्धा कुणाची इतकी हजेरी घेतली नसेल.’’

‘‘देवाला कुणी फसवत नाही. मला फसवतात,’’ बाई म्हणायच्या.

त्यांना फसवलं होतं, ही गोष्ट खरी. त्र्याण्णव साली अलीगंजहून एक कुटुंब यायचं, बँकेत नोकरी असलेलं मराठी जोडपं आणि त्यांची पिंकी. बाईंना वाटलं, आपली भाषा बोलणारी माणसं, किती मनापासून शिकताहेत! त्यांनी पिंकीला घरी बोलावून पुरणपोळी खायला घातली, ईस्टरला स्वतःच्या हाताने तिच्या केसांत पांढरी रिबीन बांधली. जूनमध्ये बाप्तिस्म्याचा दाखला दाखवून पिंकीला कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळाला आणि ते कुटुंब गिरजाघरात पुन्हा फिरकलं नाही. पुढे अमीनाबादेत कापडाच्या दुकानात पिंकीची आई दिसली. बाईंनी हाक मारली, तर ती दुकानदाराला म्हणाली, ‘‘अरे, वो चर्चवाली मैडम हैं, पीछे पड़ जाती हैं.’’ दुकानदार हसला. बाई घरी येऊन मोरीत जाऊन रडल्या, आणि त्या दिवसापासून त्यांच्या जिभेवर एकच वाक्य बसलं, ‘‘आधी कार्ड दाखवा.’’

ऋता त्यांच्याकडे आली ती याच्यानंतर. हे तिचं नशीब म्हणा.

ऋताचे वडील शामराव रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, होते. माणसं अकोल्याकडची, बौद्ध. शामराव ब्याण्णवमध्ये छातीत कळ येऊन गेले आणि अनुकंपेवर कमलाला, म्हणजे ऋताच्या आईला, रेल्वेच्या दवाखान्यात आयाची नोकरी मिळाली. त्यांचं क्वार्टर बाईंच्या मागच्याच ओळीत होतं. कमला ड्यूटीवर गेली की पोर बाईंच्या ओट्यावर बसून गृहपाठ करायची. बाई मराठीत बोलायच्या, ती हिंदीत उत्तरं द्यायची, दोघींचं बरं चालायचं.

चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, बाई कबरस्तानात निघाल्या तर ऋताही मागे लागली. तेव्हा ती दहा वर्षांची होती. कबरींवर मेणबत्त्या लावल्या होत्या आणि फादर क्रास्टा चिठ्ठ्यांवरची नावं एकेक करून मोठ्याने वाचत होते. प्रत्येक नावानंतर सगळे मिळून प्रार्थना म्हणायचे. पोर कान देऊन ऐकत राहिली. परतताना भाड्याच्या सवारी टेम्पोत तिने विचारलं, ‘‘आंटी, पापा का नाम भी पढ़ेंगे?’’

‘‘आपल्या माणसांचीच नावं वाचतात गं,’’ बाई म्हणाल्या.

म्हणजे फादरांनी कुणाचंही वाचलं असतं, मृतांसाठी प्रार्थना करायला कुठे धर्म आडवा येतो? बाईंना हे ठाऊक नव्हतं असंही नाही. पण तोंडातून गेलं ते गेलं. पोरीने मनाशी काय हिशेब मांडला कोण जाणे, आठ दिवसांनी येऊन म्हणाली, की मला तुमच्यातली व्हायचंय.

बाईंनी तिला दोनदा परत पाठवलं. मग कमला स्वतः आली. दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘बाई, ती रोज रात्री गुडघे टेकून बसते. मला काही कळत नाही त्यातलं. पण ती जिथं तिथं मी. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, तो मी काढणार नाही. एवढं चालत असेल तर मलाही शिकवा.’’

‘‘फोटो काढायला कोण सांगतंय?’’ बाई म्हणाल्या. ‘‘मुलीच्या शाळेसाठी तर नाही ना हे?’’

कमला गोंधळली. ऋताच्या शाळेला काय झालं होतं? चांगली सरकारी शाळेत शिकत होती. उलट यापायी तिचं नुकसानच होणार होतं. धाकट्या दिराने, चंद्रशेखरने, कॉलनीत सगळ्यांच्या देखत तिला सुनावलं होतं, की पोरगी किरिस्ताव झाली तर जातीचा दाखला जाईल, स्कॉलरशिप जाईल, भावाच्या नावाला काळं फासशील. दोन महिने तो तिच्या घरी आला नाही. एवढं सोसून कमलाने संमतीच्या कागदावर सही केली, आणि त्यातलं एक अक्षर बाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित पुढचं टळलंही असतं. पण गाऱ्हाणं सांगायची सवयच नव्हती त्या बाईला.

पंच्याण्णवच्या ईस्टरनंतर वर्ग सुरू झाला. ऋता कशी शिकली म्हणता! प्रार्थना तिला पहिल्या महिन्यातच पाठ झाल्या. बाकीची पोरं बाकाखाली पाय मारत बसायची, ही प्रश्न विचारायची. कमला शेजारी बसून ओठ हलवायची. दिवाळीपर्यंत कार्ड वरून-खालून जांभळं झालं होतं. मग दवाखान्यातली दुसरी आया बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि कमलाला सलग रविवारच्या ड्यूट्या लागल्या. नोव्हेंबर ते जानेवारी, अकरा रविवार. ऋता एकटीच यायची, मफलर गुंडाळून, कोहऱ्यात, तिथल्या दाट धुक्यात, तासभर टेम्पोची वाट बघून. वरचा शिक्का मिळायचा, खालचा चौकोन रिकामा राहायचा.

फेब्रुवारीत यादी करायची वेळ आली. बाईंनी ऋताचं कार्ड फादर क्रास्टांपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, ‘‘ही यंदा नको.’’

फादर मंगळूरचे, दोन वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी चष्मा वर केला. ‘‘माणिकबाई, सगळ्यांत तयार मुलगी हीच आहे.’’

‘‘मुलगी आहे. घर नाही. अकरा रविवार आई फिरकलेली नाही.’’

‘‘त्यांची ड्यूटी असेल.’’

‘‘पिंकीच्या बापाचीही अशीच कारणं असायची, फादर. तेव्हा मी सोडलं आणि सगळ्या पॅरिशने मला हसून घेतलं. यंदा एकाला सोडलं की पुढच्या वर्षी सगळे कारणं घेऊन येतील.’’

फादर कार्ड परत सरकवत म्हणाले, ‘‘तुम्ही त्यांना जास्त ओळखता.’’ त्यांनी बाईंवर सोडलं, आणि बाईंनी यादीतून नाव वगळलं. नियम मोडला नाही याचं त्यांना त्या दिवशी समाधान वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. राजारामने ऐकलं तेव्हा तो नेहमीसारखा गमतीत बोलला नाही. ‘‘पोरीचा काय गुन्हा?’’ एवढंच म्हणाला आणि पेपर उघडून बसला.

कमलाला बाईंनी समजावलं. ‘‘हे जे अकरा धडे तुझे बुडाले ना, ते पुढच्या थंडीत परत येतील. नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. तेव्हा येऊन बस, मी याच कार्डावर शिक्के मारीन. हे अकरा चौकोन भरले, की पुढच्या ईस्टरला नाव घातलंच समज.’’

कमला फक्त म्हणाली, ‘‘फ्रॉक शिवून ठेवला होता, बाई.’’

‘‘मग काय झालं? शिवण उसवून खाली सोड. पुढच्या वर्षी होईल.’’

ईस्टरच्या मिस्सेला ऋता शेवटच्या बाकावर बसली. सोबतच्या पाच मुलांच्या डोक्यांवर पाणी पडताना ती बघत होती. बाईंनी एकदाच मागे वळून पाहिलं आणि पुन्हा वळल्या नाहीत.

मे महिन्यात एक प्रकार घडला. भरउन्हात बाई गिरजाघराच्या मागच्या अंगणात गेल्या, तर नळाशी ऋता मान खाली घालून उभी, आणि वर्गातली दुसरी मुलगी, अनघा, पाण्याने भरलेला मग तिच्या डोक्यावर धरून उभी. अनघाच्या तोंडात ते शब्द होते, ‘‘मैं तुम्हें बपतिस्मा देती हूँ...’’ बाई गुडघ्यांचं दुखणं विसरून धावल्या आणि त्यांनी मग हिसकावून घेतला. सगळं पाणी फरशीवर सांडलं.

‘‘हा खेळ आहे का? देवाची थट्टा लावलीय?’’

‘‘आपने ही पढ़ाया था,’’ ऋता म्हणाली. ‘‘ज़रूरत हो तो कोई भी दे सकता है.’’

‘‘मरणाच्या दारात असेल तर! तू मरणाच्या दारात आहेस का?’’

हे वाक्य बाईंनी उच्चारलं. स्वतःच्या तोंडाने, भरदुपारी. त्याच संध्याकाळी त्यांनी कमलाला बोलावून घेतलं आणि दोघींकडून वचन घेतलं, की फादर आणि मी सोडून कुणीही पाण्याला हात लावायचा नाही. कमलाने दोनदा कान पकडले. पोरगी जमिनीकडे बघत राहिली.

शहाण्णवच्या पावसाळ्यानंतर लखनौत तो ताप आला. डेंग्यू हे नाव तोवर कॉलनीत कुणी ऐकलं नव्हतं. लोक म्हणायचे हड्डीतोड बुखार, चार दिवस अंग मोडतं आणि उतरतो. ऋताला ऑक्टोबरच्या मध्यावर ताप भरला. रेल्वेच्या दवाखान्यातून तिला मोठ्या सरकारी इस्पितळात हलवलं, ही बातमी बाईंना शनिवारी कळली. त्यांनी रात्री तिच्यासाठी प्रार्थना केली आणि सोमवारी पेज घेऊन जायचं ठरवलं. ताप काय, कुणाला येत नाही?

रविवारी वर्ग चालू असताना कमलाच्या शेजारची सुचित्रा दारात आली. म्हणाली, ‘‘कमलाताईंनी बोलावलंय. ऋता तुम्हाला बोलवा म्हणतेय.’’

‘‘येते म्हणावं. वर्ग झाला की निघतेच.’’

सुचित्राने पुन्हा सांगितलं नाही. तिलाच कुठे नीट कळलं होतं? बाईंनी धडा संपवला, अठरा कार्डांवर शिक्के मारले, खोलीला कुलूप लावलं, आणि टेम्पो धरला. चारबाग स्टेशनला टेम्पो बदलायला वेळ गेला. वॉर्डात पोचायला एकूण पावणेदोन तास लागले.

कमला खाटेजवळ जमिनीवर बसली होती. खाटेवरची चादर वरपर्यंत ओढलेली होती. स्टुलावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला तसाच होता.

कमला रडत नव्हती. एकेक गोष्ट नीट सांगत होती, दवाखान्यात काम करणारी बाई डॉक्टरांना सांगते तशी. ‘‘सकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. पण शुद्धीत होती, बाई. शेवटपर्यंत बोलत होती. मला म्हणाली, मम्मी, बपतिस्मा दे दो. म्हणाली, शब्द मी सांगते, तू नुसतं पाणी घाल. चार-पाच वेळा म्हणाली. मी पेला भरून आणला. पण म्हटलं, बाई रागावतील. आपण वचन दिलंय. बाईंना बोलावणं धाडलंय, येतीलच आता. ती म्हणाली, टीचर नहीं आएँगी. मी म्हटलं, येतील गं.’’

मग तिने वर पाहिलं. ‘‘मी बरोबर केलं ना, बाई?’’

माणिकबाईंनी मान हलवली. कशाला हलवली, हो की नाही, ते त्यांनाही कळलं नाही. त्या पेल्याकडे बघत राहिल्या. घोटभरही नको होतं. चार थेंब पुरले असते.

चंद्रशेखर आला आणि त्यानेच सगळं हातात घेतलं. कॉलनीतली बौद्ध मंडळी जमली, त्रिसरण म्हटलं गेलं, भैसाकुंडच्या स्मशानात नेलं. शिवण खाली सोडलेला, चिकनकारीच्या भरतकामाचा पांढरा फ्रॉक कमलाने पोरीच्या अंगात घातला होता. तोही गुडघ्याच्या वरच राहिला, पोर उन्हाळ्यात भराभर उंच झाली होती. बाई लांब उभ्या होत्या. पुढे जायचं कुठल्या तोंडाने?

फादर क्रास्टा त्यांना म्हणाले, ‘‘तिला हवा होता, माणिकबाई. तिने मागितला. ख्रिस्तसभा काय शिकवते ते तुम्हीच शिकवता. नुसती मनापासूनची इच्छाही देवाला पुरते. इच्छेचा बाप्तिस्मा झाला तिचा.’’

‘‘हो फादर,’’ बाई म्हणाल्या. त्यांना हे सगळं पाठ होतं. ते कमलाला जाऊन सांगायला हवं होतं, तिच्या जिवाला तेवढा तरी आधार झाला असता. तीनदा त्या मागच्या ओळीपर्यंत गेल्या आणि परतल्या. इच्छा पुरते असं सांगायचं, तर मग चौकोन कशासाठी होते हेही सांगावं लागणार होतं. भ्याल्या, दुसरं काय.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मिस्सेनंतर बाईंनी खोलीचं कुलूप काढलं, तर कमला बाहेर उभी. हातात ऋताचं कार्ड. ती आत येऊन त्याच बाकावर, त्याच जागी बसली आणि शेजारची जागा तिने मोकळी ठेवली. धडा संपल्यावर कार्ड पुढे केलं. खालच्या ओळीतला पहिला रिकामा चौकोन.

बाईंचा हात थांबला. विचारायला हवं होतं त्यांनी, की कमला, हे कशासाठी? पण त्यांना वाटलं, बिचारीला इथे येऊन बरं वाटत असेल, येऊ दे. असं आपल्याला सोयीचं वाटणारं माणसाला लगेच पटतं. त्यांनी शिक्का मारला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. ड्यूटी बदलून घ्यायची, रात्रपाळी करून न झोपता यायची. नाताळच्या सुट्टीत वर्ग बंद होता तरी हिरव्या स्वेटरात दाराशी उभी. बाईंनी तिच्या एकटीसाठी खोली उघडली, एकटीला धडा वाचून दाखवला आणि शिक्का मारला. घरी आल्या की जेवण जायचं नाही. राजाराम म्हणाला, ‘‘तिला सांगून टाक काय ते.’’ बाई म्हणाल्या, ‘‘पुढच्या रविवारी सांगते.’’

जानेवारीच्या बारा तारखेला अकरावा रविवार होता. बाहेर इतका कोहरा की गिरजाघराचं दार दिसत नव्हतं. त्या दिवसाचा धडा कुठला हे बाईंना आठ दिवस आधीपासून ठाऊक होतं. तो गाळावा असं त्यांच्या फार मनात आलं. पण मुलांच्या हातात पुस्तकं होती, आणि सगळ्यांत पुढे बसलेल्या मुलाने वाचायला सुरुवातही केली. संकटाच्या वेळी, कोणी मरणाच्या जवळ असेल तर, फादर नसतील तर, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. साधं पाणी पुरतं. बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा देऊ शकतो, मनात खरी भावना असली की झालं.

‘‘मम्मी भी?’’ एका मुलीने विचारलं.

‘‘हाँ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मम्मी भी.’’

कमलाकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

मुलं गेली. कमलाने कार्ड टेबलावर ठेवलं. बाईंनी शेवटच्या चौकोनात क्रूस उठवला. आता कार्डावर कुठेच रिकामी जागा नव्हती.

‘‘म्हणजे ती खरं सांगत होती,’’ कमला म्हणाली. ‘‘मी घातलं असतं तर चाललं असतं.’’

‘‘हो.’’

‘‘मला वाटलं पोरगी तापात बोलतेय.’’ तिने पदराने कार्डाची कड पुसली. ‘‘असू दे. झाले अकरा. तुम्ही म्हणाला होतात, हे भरले की नाव घालीन.’’

‘‘कमला, अगं...’’

‘‘मी वेडी नाही हो बाई. पोर गेली हे मला कळतं, मीच तिला आंघोळ घातली. पाणी घाला म्हणत नाही मी. ती वही असते ना फादरांकडे, बाप्तिस्म्याची, तिच्यात तिचं नाव तेवढं लिहा. ती यायचीच ना दर रविवारी. माझ्यामुळे राहिलं होतं, ते मी भरून दिलं.’’

‘‘तुझ्यामुळे नाही गं,’’ बाई म्हणाल्या. पण तेवढ्यावर कसं भागणार? ‘‘त्या वहीत ज्यांना पाणी घातलं त्यांचीच नावं लिहितात. मेलेल्या माणसाचं नाही लिहिता येत.’’

‘‘मग तुम्ही शिक्के कशाला मारत होतात?’’

तीन महिने जे सांगायला हवं होतं ते बाईंनी घाईघाईने, कमलाचे दोन्ही हात धरून सांगून टाकलं. की तिला हवा होता, तिने मागितला, तेवढं देवाला पुरतं. मनापासूनची इच्छा असली की झालाच बाप्तिस्मा. फादरांनीही तसंच सांगितलंय. ती देवाजवळच आहे, कमला, वहीची काही गरज नाही.

कमलाने सगळं ऐकून घेतलं. वर्गात ऐकायची तसंच, ओठ हलवत.

‘‘इच्छा पुरते?’’

‘‘हो गं, पुरते.’’

‘‘इच्छा तर तिची फेब्रुवारीतही होती, बाई,’’ ती म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. तिने आपले हात सोडवून घेतले, कार्ड टेबलावर तसंच ठेवलं, डोक्यावरून शाल घेतली आणि गेली.

ती पुन्हा कधी वर्गाला आली नाही. एप्रिलमध्ये तिने झाशीला बदली मागून घेतली. बाईंनी तो ईस्टर कसाबसा पार पाडला, मुलांची यादी कार्डं न बघता केली, आणि फादरांना सांगितलं की माझ्याच्याने आता होत नाही. फादरांनी आग्रह केला नाही. शिक्का त्यांनी कुणाला दिला नाही आणि टाकलाही नाही. तो पर्सच्या आतल्या कप्प्यात तसाच राहिला आणि त्याची शाई वाळून गेली.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, माणिकबाई राजारामचा हात धरून कबरस्तानात गेल्या. दाराशी एक मुलगी चिठ्ठ्या गोळा करत होती. बाईंनी एका चिठ्ठीवर दोन नावं लिहिली, शामराव आणि ऋता. मुलीने ती डब्यात टाकली. कोण, कुठले, बाप्तिस्मा झालेला आहे का, तिने काही विचारलं नाही. फादर क्रास्टांनी इतरांच्या नावांमध्ये तीही दोन नावं वाचली, सगळ्यांनी प्रार्थना म्हटली आणि ते पुढच्या चिठ्ठीकडे वळले.